कोर्टात म्हटलेली लितानी

"बाई, त्या शनिवारी कुमसाराला आत कोण बसलं होतं?"

बेहेरे वकिलांनी हे विचारलं तेव्हा माझा सिमाव समोरच्या पिंजऱ्यात उभा होता. वकील सरकारचे नव्हेत, आमचेच. माझ्याच पोराला सोडवायला उभा राहिलेला माणूस मला विचारत होता, आणि ताजं ताजं म्हणून ओरडणारी पण कल्ले उघडून न दाखवणारी कोळीण जशी बघावी, तशी मी त्याच्याकडे बघत होते.

"साहेब, कुमसाराला आत माणूस नसतो," मी म्हटलं. "आत पापी असतो. पाप्याला नाव नसतं."

मागच्या बाकांवर आमची सगळी आळी बसली होती. त्यातलं कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर बघितलं, तसं हसू खाली बसलं.

कुमसार म्हणजे आमची पापकबुली. देवळात लाकडी जाळीच्या अलीकडे गुडघे टेकायचे, पलीकडे फादर कान लावून बसतात, आणि जे केलं असेल ते सांगून मोकळं व्हायचं. जाळीपलीकडे गेलेला शब्द परत येत नाही. फादरनं तो मान कापली तरी उच्चारायचा नाही. चुकून दुसऱ्या कुणाच्या कानावर पडला, तर त्यानंही तो तसाच मातीत न्यायचा. आम्हा वसईकडच्या किरिस्तावांना हे आईच्या दुधाबरोबर मिळतं. आणि मी, नाताल इनास घोन्सालवीस, बुकं शिकले दुसरीपर्यंत, पण दूध पुष्कळ प्यालेय.

झालं होतं असं. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळाचे दिवस. आमच्या आळीच्या टोकाला मगनशेठच्या गवताच्या गंज्या. एका संध्याकाळी त्यातली मोठी गंजी पेटली. राखणदार जान्या गंजीला लागून बांधलेले बैल सोडवायला आगीत शिरला आणि त्याचे दोन्ही हात भाजले. बैल वाचले, जान्या दवाखान्यात, आणि गंजीच्या जागी काळा ढीग.

आदल्याच दिवशी सिमावचं शेठशी भांडण झालं होतं. सिमाव आमच्या गाडीनं गवत वाहायचा. शेठ म्हणाला, वजन वाढावं म्हणून तू गवत भिजवून आणतोस. माझा पोरगा, तो काय गप्प बसतो? काट्यावर दहा माणसं उभी असताना म्हणाला, "शेठ, तुमच्या असल्या गंजीला एक काडी पुरे."

आता हे वाक्य त्याचं नव्हे, माझं. म्हणजे मी शिकवलं नव्हतं, पण आमच्या घरात असली वाक्यं पोरांना भाताबरोबरच वाढली जायची. माझ्या जिभेला आळीत सगळे घाबरत. एकदा एक फौजदार विहिरीच्या वादासाठी आला होता, तो माझं बोलणं ऐकून पाणीसुद्धा न पिता गेला. ती जीभ सिमावनं घेतली, आणि त्याच जिभेवरून पोलिसांनी त्याला उचलला. दहा माणसांनी ऐकलं होतं. आणखी पुरावा कशाला शोधतील ते?

आमच्या समोरच्या घरात रुझारकाका राहायचा. सिमावला बावखलात, म्हणजे आमच्या आळीच्या तळ्यात, पोहायला त्यानं शिकवलं, कमरेला सुके भोपळे बांधून. तरुणपणापासून खाणीवर सुरुंग लावायचं काम करायचा. पुढं सून घरात आल्यावर एका स्फोटात त्याचे दोन्ही कान गेले. माणूस गरीब, हसरा. डॉक्टरनं विडी बंद केली होती, सून खिसे तपासायची, तरी कुठूनतरी अंगाला विडीचा वास यायचाच.

बहिऱ्या माणसाची एक गंमत असते. त्याला वाटतं आपण कुजबुजतोय, आणि ऐकू जातं पार तळ्यापलीकडे. कान गेल्यावर रुझारकाका पहिल्यांदा कुमसाराला बसला, तेव्हा सुनेच्या माहेरच्यांना त्यानं मनातल्या मनात दिलेली शिवी सगळ्या देवळानं ऐकली. सून तिथंच रांगेत उभी. मी तिच्या मागं होते. काय करावं सुचेना, म्हणून मी मोठ्यानं मरियामातेची लितानी धरली. लितानी म्हणजे मातेच्या एकेका नावानं हाक घालायची, आणि बाकीच्यांनी 'आम्हांसाठी विनंती कर' म्हणायचं. बायकांनी लगेच उचलून धरली. आतला आवाज बुडाला.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. रुझारकाका जाळीशी गेला की मी लितानी धरायची. ठरवलं कुणीच नाही, आणि त्याला सांगितलं तर कुणीच नाही. म्हाताऱ्याला का लाजवायचं? बाहेर आल्यावर आमचे ओठ हलताना आणि हात जोडलेले दिसले की तो खूश व्हायचा. मला म्हणायचा, "नाताल, तुम्ही बायका फार भाविक गो! बघावं तेव्हा प्रार्थना!" हे सुद्धा तो हळूच म्हणायचा, म्हणजे घंटेवरची कबुतरं उडायची.

आग लागली त्यानंतरच्या शनिवारी, झावळ्यांच्या रविवारच्या आधी, देवळात कुमसाराला मोठी रांग होती. मी रांगेत दुसरी. माझ्या पुढचं माणूस आत गेलं, आणि मी लितानी धरली. एरवी मी एकदा म्हणते आणि संपते. त्या दिवशी एकदा संपली, आतलं कुमसार संपलं नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून धरली. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी डोळे वटारले तशा पुन्हा म्हणायला लागल्या. गळा बसला तरी मी थांबले नाही. माझ्या पाळीला मी जाळीशी गुडघे टेकले तेव्हा पलीकडे फादर लान्सलोट कपाळ पुसत होते. मग म्हणाले, "नातालबाय, तुझा आवाज देवानं चांगला दिलाय."

मी म्हटलं, "फादर, मी अजून पापं सांगितली नाहीत. कौतुक मागाहून करा."

माझे मालक इनास देवळात मागे पुरुषांत उभे होते. त्यांनी सगळं बघितलं. कोण आत गेलं, किती वेळ बसलं, बाहेर येताना कसं खांब धरत धरत आलं. फादर दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे, त्यांनी येणं बंद केलं, तेही इनासनी बघितलं. साधा माणूस, पण हिशेब घातला.

"नाताल, फादरला माहीत आहे."

"फादरला पुष्कळ माहीत असतं. त्यासाठीच ते फादर."

"तुलाही माहीत आहे. जाळीला चिकटून उभी होतीस तू."

"मी लितानी म्हणत होते."

"आपला पोरगा आत सडतोय, आणि तू मला लितानी सांगतेस? कोर्टात तुझी जीभ उचल एकदा! आयुष्यभर नको तिथं उचललीस!"

मी वांगी चिरत होते. सुरी खाली ठेवली. "इनास, त्या जाळीशी मी तुमच्याबद्दल काय काय सांगून आलेय, ठाऊक आहे? फादर तुम्हाला भेटतात तेव्हा हसतात का कधी?"

इनासनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"नाही ना हसत? मग त्याच जाळीला मी भोक पाडू? आज माझ्या पोरासाठी पाडलं, की उद्या प्रत्येकाला आपापलं पोर आहेच."

"दगडाची बाई आहेस तू."

"आहे. देवळाच्या पायात दगडच घालतात, केळीचे गाभे नाही घालत."

बोलायला बोलले. मग ते बाहेर गेले, आणि मी वांगी मीठ न घालताच शिजवली, आणि कुणी खाल्ली नाहीत.

इनासनी जाऊन बेहेरे वकिलांना सांगितलं. नाव नाही सांगितलं, तेवढं त्यांच्यातही किरिस्ताव रक्त होतं. एवढंच म्हणाले, की आग कुणी लावली ते कुमसारात बोललं गेलंय. वकिलांना काय, मुंगीला साखर दिसली. त्यांनी फादरना साक्षीला बोलावलं.

फादर लान्सलोट पांढऱ्या झग्यात आले, काखेत कापडी पिशवी. पिंजऱ्यात उभे राहिले.

"आग कशी लागली याबद्दल तुम्हाला कुणी काही सांगितलं?"

"कुमसारात काय ऐकलं, किंवा काही ऐकलं की नाही, यातलं मी काहीच सांगू शकत नाही."

न्यायाधीश पोक्त माणूस, आवाज न चढवता म्हणाले, "फादर, वकिलाला अशिलाचं गुपित राखायची सवलत कायद्यानं दिलीय. तुम्हाला नाही दिली. एका तरुण मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मी आज्ञा केली तर तुम्हाला बोलावं लागेल. नाही बोललात तर तुरुंग."

"कळतं मला, साहेब." फादरनी पिशवी वर केली. "टॉवेल आणलाय. प्रार्थनेचं पुस्तक आणि दाताची पावडरपण आहे."

न्यायाधीशांनी पिशवीकडे बघितलं, मग घड्याळाकडे. मग म्हणाले, "खाली बसा. तुमचं काय करायचं ते मी जेवणानंतर ठरवतो."

त्या सुट्टीत कोर्टाच्या ओसरीवर पोलिसांनी सिमावला बसवलं होतं. मी त्याच्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणली होती. त्यानं हात लावला नाही. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"आय, बा म्हणतो तुला ठाऊक आहे."

"तुझा बा पुष्कळ म्हणतो."

"वकील आता तुला बोलावणार. एक नाव घेतलंस की मी घरी येतो." त्यानं बेडीतले हात पुढं केले. "आय, चार-पाच वर्षं घालतील म्हणतात ग."

मला वाटलं, त्याचं डोकं पदराखाली घ्यावं आणि सगळ्या कोर्टाला आग लावावी, मग काडी खरंच आमच्या घरची ठरू दे. पण मी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडाशी धरला.

"सिमाव, तू पेटवलीस गंजी?"

"नाही!"

"मग मान वर करून चाव. घोन्सालवीसांची मान चोरी करून खाली गेली नाही, आता साव असून कशाला घालतोस?"

त्यानं खाल्लं. रडत रडत खाल्लं, पण खाल्लं. पोलीस दुसरीकडे बघत होता. चांगला माणूस असावा.

सुट्टीनंतर बेहेऱ्यांनी मला पुकारलं. मी लाल लुगडं नेसून गेले होते, आमच्या रिवाजाचं, सणाचं. शिपायानं देवाची शपथ वदवून घेतली. मी म्हटलं, "शपथ देवाची घातलीत, हे बरं केलंत. मी त्याचंच राखायला आलेय."

पाप्याला नाव नसतं, ते मी बोलले ते इथंच.

बेहेरे घामाघूम झाले. ते वाईट नव्हते. माझ्यापेक्षा जास्त तळमळून ते माझ्या पोरासाठी भांडत होते, आणि मी त्यांच्याच वाटेत आडवी.

"बाई, नाव राहू द्या. तुम्ही जाळीपासून हातभर अंतरावर होता." त्यांनी तळहात कानामागे धरला, असा, आणि कोर्टाला दिसावा म्हणून धरूनच ठेवला. "कानांवर काय आलं तुमच्या?"

"माझाच आवाज आला."

"म्हणजे?"

"लितानी म्हणत होते. मोठ्यानं."

"दुसरा माणूस पापकबुली देत असताना तुम्ही मोठ्यानं लितानी म्हणता? कशासाठी?"

आता या 'कशासाठी'चं उत्तर दिलं असतं तर नाव घेतल्यासारखंच होतं. आळीत बहिरा एकच.

"देवाच्या आईचं नाव घ्यायला कारण लागतं का, वकीलसाहेब? तुम्ही तुमच्या आईला हाक मारताना अर्ज करता?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुमचा मुलगा आरोपी आहे. खोटं बोलून तुम्ही त्याचंच नुकसान करताय. हातभर अंतरावरचं ऐकू येणार नाही इतक्या मोठ्यानं कुणी प्रार्थना म्हणतं, हे मला पटत नाही."

"म्हणून दाखवू?"

"दाखवा."

त्यांना वाटलं असेल, बाई ओशाळेल. मी हात जोडले. डोळे सिमाववर ठेवले, दुसरीकडे कुठंच नाही. आणि धरली.

"पवित्र मरिये!"

मग मागच्या बाकावरून माझ्या सवयीच्या बायकांच्या तोंडून निघालंच, "आम्हांसाठी विनंती कर!"

"देवाच्या पवित्र माते!"

"आम्हांसाठी विनंती कर!" आता पुरुषही. दाराशी उभा असलेला पोलीसही आमच्याकडचा निघाला, त्याचेही ओठ हलले. शिपाई "शांतता, शांतता" म्हणत होता, त्याचं कुणाला ऐकू जाईना. खिडकीतला कावळा उडाला. न्यायाधीशांनी हात उचलला, पण तो तसाच राहिला. गूढ गुलाबा, सोन्याच्या घरा, पहाटेच्या ताऱ्या, मी एकेक नाव असं फेकत होते जशी विहिरीत घागर टाकावी, आणि आळी प्रत्येक घागर भरून वर ओढत होती. सिमावसुद्धा पिंजऱ्यातून म्हणत होता. त्याची मान वर होती.

मला दिसत नव्हतं, पण मागाहून सगळ्यांनी सांगितलं. रुझारकाका तिसऱ्या बाकावर, सुनेच्या शेजारी बसला होता. सकाळपासून त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. तो फक्त बघत होता. त्यानं बघितलं, फादर पिशवी घेऊन आले आणि बोलले नाहीत. मग नाताल उभी राहिली. वकिलानं कानामागे हात धरला. नातालनं हात जोडले आणि तिचे ओठ हलायला लागले. मग सगळ्यांचे. तेच ओठ, तेच हात, जे त्याला जाळीपासून वळलं की दर वेळी दिसायचे.

आणि म्हाताऱ्याला कळलं. एवढ्या वर्षांची आमची भाविकता त्याला त्या एका क्षणात कळली.

"पाप्यांच्या आश्रया!" मी म्हटलं, आणि उत्तर आलंच नाही. सगळे मागे वळले होते.

रुझारकाका उभा होता. पुढचा बाक दोन्ही हातांनी धरून.

"साहेब," तो म्हणाला. त्याला वाटलं हळूच म्हणाला. "गंजी माझ्यामुळं पेटली. विडी होती. सुनेला दिसू नये म्हणून गंजीआड ओढत होतो..."

आणि मी काय केलं? माझा पोरगा सुटतोय, त्याची बेडी त्या म्हाताऱ्याच्या तोंडून तुटतेय, आणि मी छाती भरून ओरडले, "दुःखितांच्या सांत्वना!"

"...थोटूक टाकलं, विझलं असं वाटलं..."

"ख्रिस्ती जनांच्या साहाय्या!"

"...जान्याचे हात बघितले आणि घाबरलो, साहेब..."

"देवदूतांच्या राणी!"

न्यायाधीश टेबल बडवत होते. बेहेरे दोन्ही हात हलवून मला थांब थांब म्हणत होते. इनास बाकावर उभे राहून ओरडत होते, "नाताल, अग गप! गप, बाई!" मी गप होईना. रुझार बोलतोय म्हणजे मी झाकायचं, एवढंच माझ्या अंगाला ठाऊक होतं.

मग फादर लान्सलोट माझ्या पिंजऱ्यापाशी आले. त्यांनी माझ्या जोडलेल्या हातांवर हात ठेवला.

"नातालबाय, पुरे. हे कुमसार नाही. हा माणूस स्वतः उभा राहिलाय. त्याला बोलू दे."

मी थांबले. शिपायानं पाणी दिलं. कोर्टात नुसता रुझारकाकाचा आवाज होता, आणि तो पहिल्यांदाच कुणी झाकत नव्हतं.

सिमाव सुटला. रुझारकाकाचं वय बघून, आणि आपणहून उभा राहिला म्हणून, त्याला थोडक्यात सोडलं. पुढं जान्याचे हात बरे होईपर्यंत तो रोज त्याच्या झोपडीवर जायचा आणि त्याला आपल्या हातानं भरवायचा. फादरची पिशवी न उघडताच घरी गेली. निघताना न्यायाधीशांनी मला थांबवलं.

"बाई, खरं सांगा, आता कोर्ट उठलंय. ऐकू आलं होतं की नव्हतं?"

"साहेब," मी म्हटलं, "लितानी ऐकलीत ना? पुन्हा म्हणू?"

ते हसले आणि गेले. इनासनीही मरेपर्यंत विचारलं. आता सिमाव विचारतो, त्याच्या सुनाही विचारतात. विचारा म्हणावं. हे एवढं सगळं मी सांगते तेही रुझारनं भर कोर्टात आपल्या तोंडानं सांगितलं म्हणून. माझ्या तोंडातून काढायला अजून कुणी जन्मलेला नाही.

कोर्टाचा निकाल लागला. नंतरच्या शनिवारी देवळात पुन्हा रांग. रुझारकाका आला, टोपी काढली, जाळीकडे निघाला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आता काय करायचं? त्याला तर सगळं कळलंय. आता लितानी धरली तर त्याला तोंडावर बहिरा म्हटल्यासारखं, आणि नाही धरली तर सगळं देऊळ ऐकणार. आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ टाळ्याला चिकटली.

रुझारकाका जाळीशी पोचला. गुडघे टेकले. मग पुन्हा उठला, मागं वळला, मला शोधलं, आणि त्याच्या त्या हळू आवाजात, जो पार तळ्यापलीकडे गेला, म्हणाला,

"नाताल, धर गो. आणि आज जरा मोठ्यानं."